पहिला ऑप्शन, काहीच न करणे

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाला कधी एक उपाय सांगायचा नाही, तीन सांगायचे. पहिला ऑप्शन, काहीच न करणे. आहे ते तसंच रेटत राहा. तिसरा असा, की ऐकूनच समोरच्याला घाम फुटावा: सगळं मोडा, पायापासून नवं बांधा, तोवर धंदा अर्धा बंद ठेवा. आणि दुसरा मधला, शहाण्यासारखा, जो आपल्याला आधीपासूनच गळ्यात मारायचा असतो. पहिला आणि तिसरा नुसते शोभेला. गिऱ्हाईक दुसऱ्यावर बोट ठेवतं, आपण जरा विचारात पडल्यासारखं करतो, मग मान डोलावतो. त्याला वाटतं निर्णय आपण घेतला.

याला टेक्नॉलॉजी कन्सल्टिंग म्हणतात. हसू नका, यावर माझं घर चालतं. कंपन्यांची जुनी कॉम्प्युटर सिस्टिम बदलायची की नाही, कशी बदलायची, हे सांगायला आम्ही जातो. सांगायला म्हणजे न सांगायला. हे सगळं आज आठवायचं कारण एवढंच, की ही रीत मी माझ्या बाबांच्या हृदयावर वापरली.

मी काही जन्मापासून असा गुळमुळीत नव्हतो. प्रोग्रॅमर होतो तेव्हा ऑफिसात मला तोफ म्हणायचे. मीटिंगच्या खोलीत मी शिरलो की कोणीतरी हळूच कानावर हात ठेवायचं आणि बाकीचे खिदळायचे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या मोठ्या साहेबाला मी भर मीटिंगमध्ये म्हणालो होतो, "हे चालणार नाही. चालू केलंत तर पहिल्याच दिवशी बोंबलेल." साहेबाचं तोंड एवढंसं झालं. आमच्या मॅनेजरने टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. मी म्हणालो, "लाथ कशाला मारताय, खरं तेच बोलतोय." ते पहिल्याच दिवशी बोंबललं. पण असल्या गोष्टीचं कौतुक कोणी करत नसतं.

बाबांनी केलं. बाबा बस चालवायचे. सगळा जन्म त्या मोठ्या चाकाच्या मागे गेला, आणि रिटायर झाल्यावरही दुसरं कोणी गाडी चालवत असलं की यांचा उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबतो. तो साहेबाचा किस्सा त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितला. "आमची तोफ कोणाचं ऐकून घेत नाही," म्हणायचे. बोलताना मान अशी मागे टाकायचे, की सांगता सोय नाही.

मला या बाजूला आणलं ते मोठ्या बाईंनी. कन्सल्टिंगचा सगळा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी एक दिवस मला चहाला बोलावलं आणि साखर ढवळत म्हणाल्या, "तुला कळतं. पण तुझं तोंड गिऱ्हाइकाला पचत नाही. जन्मभर मागच्या खोलीत बसून कोड लिहिणार आहेस का? तू लिहायचं आणि पुढे जाऊन दुसऱ्याने मिरवायचं?"

हे मात्र मला झोंबलं. मी आलो.

बाईंनी मला माती मळावी तसं मळलं. 'मला वाटतं' म्हणायचं नाही, 'असं दिसतंय' म्हणायचं. 'नाही' म्हणायचं नाही, 'यावर पुन्हा बसू' म्हणायचं. गिऱ्हाइकाने एकदा खोलीत सगळ्यांसमोर निर्णय घेतला की त्याला तिथे खोडायचं नाही. ठीक आहे म्हणायचं, मग सावकाश एकट्याला गाठून फिरवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी लिफ्टमध्ये सांगितलं, "मत दिलं की जबाबदारी आपली. ऑप्शन दिले की जबाबदारी त्यांची. एवढं समजलं की तू मॅनेजर."

मी विचारलं होतं, "आणि एखाद्याने पहिलाच निवडला तर? काहीच न करणे?"

"आजवर कोणी निवडला नाही," बाई म्हणाल्या. "घाबरल्याशिवाय आपल्याकडे येतंय कोण?"

मी शिकलो. सीनिअर झालो, लीड झालो, मॅनेजर झालो, हाताखाली माणसं आली. कोड लिहिणं सुटलं. प्रोग्रॅम चुकला तर मशीन तोंडावर सांगतं, बाबा रे, या ओळीत माती खाल्लीस. स्लाइड चुकली तर कोणी काही बोलत नाही. चहा येतो. सगळे हात मिळवून घरी जातात. हळूहळू मला राग येईनासा झाला. आधी बरं वाटलं, ब्लड प्रेशरही सुधारलं. मग लक्षात आलं, की रागाबरोबर बाकीचंही सामान गेलंय. मुलगी शाळेत पहिली आली, मी "छान" म्हणालो. पाकीट मारलं गेलं, तेव्हाही बहुतेक "छान"च म्हणालो असेन.

बायको म्हणाली, "तुझ्याशी भांडण्यात आता काही राम राहिला नाही. भिंतीवर चेंडू मारला तर तो निदान परत येतो."

घरातल्या दोघींनी माझी रीत कधीच ओळखली होती. सुट्टीत कुठे जायचं यावर मी तोंड उघडलं की मुलगी विचारायची, "बाबा, दोन नंबरला काय आहे तेवढंच सांगा ना." आणि दोघी फिदीफिदी हसायच्या. बाबांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. ते ताईकडे राहायचे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांच्यासाठी मी अजून तोफच होतो. फार दिवसांत वाजली नव्हती एवढंच.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले. शेजाऱ्यांच्या दाराबाहेरच्या चपला बघत उभे राहायचे, जणू त्यातली एखादी घ्यायचीच आहे. ताईच्या लक्षात आलं, तिने मला फोन केला, आणि आम्ही त्यांना हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदयाची एक झडप आकसली होती, दरवाजा नीट उघडत नसावा तशी. "बदलायला हवी," त्या म्हणाल्या. "आत्ता छाती न उघडता, मांडीच्या नसेतून वर जाऊन बदलता येईल. दोन-चार दिवसांत घरी. पण घरी बोला, ठरवा आणि मला कळवा."

घरी आलो. ताईने जेवायचं टेबल पुसलं. बाबा खुर्चीत बसले, दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग. तुझं तर रोजचं काम आहे हे."

ताई ओट्यापाशी उभी होती, हातात फडकं तसंच. दोघं माझ्याकडे बघत होते. मला काय पाहिजे होतं ते मला पक्कं माहीत होतं. मला ती झडप बदलून पाहिजे होती, शक्य तर दुसऱ्याच दिवशी. एवढं वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो?

मी टेबलावरचे पाण्याचे तीन पेले ओढून ओळीत मांडले.

"बाबा, तीन ऑप्शन आहेत," मी म्हणालो. पहिल्या पेल्यावर बोट ठेवलं. "एक, काहीच न करणे. गोळ्या घ्यायच्या, जिने कमी करायचे, लक्ष ठेवायचं." दुसऱ्यावर. "दोन, मांडीतून जाऊन झडप बदलणे. थोडी जोखीम आहे, पण एकंदरीत बरं दिसतंय." तिसऱ्यावर. "तीन, छाती उघडून ऑपरेशन. मोठं आहे, या वयात जड आहे." आवाज असा छान सपाट लागला होता, की बाईंनी ऐकला असता तर पाठ थोपटली असती.

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एकदा वर बघितलं, माझ्या तोंडाकडे, आणि जरा वेळ तसेच बघत राहिले. मग पहिला पेला जवळ ओढला आणि त्यातलं पाणी प्यायले.

"हेच बरं आहे," ते म्हणाले.

ताईने माझ्याकडे बघितलं. मी खोडून काढेन म्हणून ती थांबली असणार. आणि मी, खोलीत सगळ्यांसमोर निर्णय झालेला होता ना, मी म्हणालो, "ठीक आहे. यावर पुन्हा बसू."

बस. एवढंच झालं. ताईने फडकं वाळत टाकलं.

पुढच्या आठवड्यात एकट्या बाबांना गाठायचं असं मी ठरवलं होतं. पण रंग बनवणाऱ्या एका कंपनीचं काम तेव्हाच सुरू झालं. त्यांच्या गोदामाची सिस्टिम जुनाट होती. डबे कुठे आहेत हे तिला सोडून सगळ्यांना माहीत. मी त्यांच्याकडे ठाण मांडून बसलो. काचेची खोली, कोरडे पडलेले मार्कर, प्रोजेक्टरची केबल नीट लागावी म्हणून खाली घातलेली पुठ्ठ्याची घडी. आठवडे गेले. रविवारी ताईकडे गेलो की बाबा झोपलेले असायचे, आणि झोपलेल्या माणसाला काय फिरवणार, असं म्हणून मी परत यायचो. खरं सांगायचं तर ते जागे असते तरी मी काय बोललो असतो, देव जाणे.

शेवटच्या मीटिंगला रंगवाल्यांचे हिशेबवाले साहेब होते. चांगले होते म्हातारे. मी तीन ऑप्शन मांडले. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "ते सगळं राहू द्या. तुमचं स्वतःचं मत काय?"

"साहेब, तुमचा धंदा तुमच्याइतका आम्हाला कुठून कळणार?" मी म्हणालो. "पण तुमच्या बोलण्यावरून तरी तुमचा कल दुसऱ्याकडे दिसतोय."

"हो, तसंच काहीसं," साहेब म्हणाले, आणि त्यांना फार बरं वाटलं.

बाहेर आल्यावर मोठ्या बाईंनी हात पुढे केला. "आजपासून तू डायरेक्टर. वरून होकार आलाय. मघाचं उत्तर मी नव्या पोरांना शिकवणार आहे." मी "थँक यू" म्हणालो. खिडकीतून खाली पार्किंग दिसत होतं. एक बाई गाडी मागे घेत होती, पुढे घेत होती, तिला ती काही केल्या दोन खांबांमध्ये बसवता येत नव्हती. मी ते बघत उभा राहिलो. आनंद व्हायला हवा होता. आत चाचपून बघितलं, काही हाताला लागलं नाही.

तेवढ्यात ताईचा फोन आला. बाबा जिन्यात बसले होते आणि त्यांना उठता येत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं तपासलं. आता दुसरी झडपही गळत होती, आणि हृदयाला रक्त नेणाऱ्या नसाही तुंबल्या होत्या. "मांडीतून जाऊन आता भागणार नाही," त्या म्हणाल्या. "छाती उघडावी लागेल. जोखीम आहे, मी लपवत नाही. नाही केलं तर काही महिने. तेव्हाच केलं असतं तर..." आणि पुढचं त्या बोलल्या नाहीत. शिकलेल्या बाई. "मी पेशंटशी बोलले. ते नको म्हणताहेत. चार दिवस औषधं देऊन घरी पाठवते. सोमवारच्या आत काय ते सांगा."

कॉरिडॉरमध्ये कॉफीचं मशीन होतं. ताई त्याला टेकून उभी होती. ती माझ्यापेक्षा मोठी, लहानपणी तिने मला खांद्यावर बसवून फिरवलंय. माझ्याशी बोलताना तिला शब्द तोलावे लागत नाहीत.

"तू का सांगितलंस त्यांना, काही करू नका म्हणून?"

"मी तसं सांगितलंच नाही. मी ऑप्शन दिले."

"पहिलं काय सांगितलंस?"

मी मशीनची बटणं वाचायला लागलो.

"ते मला काय म्हणाले माहीत आहे? पोराने पहिलं तेच सांगितलं, म्हणजे त्याच्या मते तेच बरं. तो लहानपणापासून मुद्द्याचं आधी बोलतो. मला वाटलं, तू डॉक्टरांशी आत काहीतरी बोलला असशील. म्हातारा टिकणार नाही, उगाच हाल कशाला, असं काहीतरी. म्हणून मीही गप्प बसले रे." तिने नाक पुसलं. "तुला काय पाहिजे होतं?"

"दुसरं."

"मग दुसरं म्हणून का नाही सांगितलंस, मेल्या?"

मी म्हणालो, "दुसरंच म्हणत होतो मी." आणि ते म्हणताना मलाच ते येड्यासारखं वाटलं. आमच्या ऑफिसात ते कोणालाही कळलं असतं. माझ्या मुलीलासुद्धा कळलं असतं.

"जा, भांड त्यांच्याशी," ताई म्हणाली. "तुला येत होतं ना एकेकाळी?"

शनिवारी बाबांना घरी सोडलं. मी गाडी घेऊन गेलो. ते पुढे बसले, मांडीवर औषधांची पिशवी, पट्टा छातीला लागू नये म्हणून त्याखाली हात घातलेला. चौकाचौकात त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. भर दुपार, सिग्नलला रांग लागलेली. समोरच्या गाडीच्या मागच्या काचेवर कोणीतरी धुळीत बोटाने तोंड काढलं होतं.

"बाबा," मी म्हणालो, "असं दिसतंय की आपण पुन्हा एकदा विचार करायला हरकत नसावी."

"कर की," बाबा म्हणाले. "तुला कोण अडवतंय?"

सिग्नल सुटला. मी राग शोधत होतो. साहेबाच्या तोंडावर बोललो होतो तो राग, तो कुठेतरी असणार, असं कसं होईल की मुळीच नाही. पण नव्हता. नुसती गाडीची घरघर होती.

"तुला एक सांगू?" बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्या दिवशी टेबलापाशी मी वाट बघत होतो. म्हटलं, आता हा भडकेल. आता म्हणेल, म्हातारपणी हट्ट करू नका, उठा आणि चला. तू काय छान बोललास. एकदम साहेबासारखा. तेव्हाच मला कळलं. म्हटलं, याला मी पाहिजे असतो, तर हा भांडला असता."

मी गाडी बाजूला घेतली. मागच्याने हॉर्न दिला, मग आणखी एकाने. एका बंद दुकानासमोर थांबलो.

"छाती उघडायची," मी म्हणालो. "डॉक्टरीणबाई म्हणतात तसं. सोमवारी ॲडमिट व्हायचं."

"हा कितवा?"

"तिसरा."

"पहिला आहे की अजून."

"नाही. तो कधीच नव्हता. तो मी असाच ठेवला होता. आमच्यात ठेवतात."

बाबा माझ्याकडे वळले. "असाच?"

"असाच."

"आणि मी तोच धरून बसलो," बाबा म्हणाले. त्यांना राग आला नाही, हसूही आलं नाही. पिशवीतल्या गोळ्यांची पाकिटं त्यांनी उगाच सारखी केली. "त्यात काही झालं तर?"

इथे माझ्या तोंडात चार वाक्यं तयार होती. जोखीम सगळ्यातच असते. शेवटी निर्णय तुमचा. मी ती गिळली.

"तर माझ्यामुळे झालं. मी सांगितलं म्हणून. ताईला सांगा तसं, सगळ्यांना सांगा. मला तुम्ही पाहिजे आहात, बाबा. झडप नको, गोळ्या नकोत, तुम्ही पाहिजे." आवाज वाढला नव्हता. उलट बसला होता, फाटका लागत होता. "आणि नाही म्हणालात तर मी रोज येऊन भांडेन. जमत नाहीये मला आता नीट, पण भांडेन."

बाबांनी पिशवी पायाशी ठेवली. मग पट्ट्याखालचा हात काढून त्यांनी माझ्या मांडीवर एक चापट मारली. लागली चांगली.

"आता कसं," ते म्हणाले. "चल, घे गाडी. आणि गिअर टाकताना एवढी घाई करू नकोस."

आज सकाळी त्यांना आत नेलं. नेताना त्यांनी नर्सला सांगितलं, "हा पोरगा म्हणाला म्हणून आलोय, हं." नर्स हसली. दार झुलत बंद झालं.

इथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, एकमेकींना जोडलेल्या, एक माणूस उठला की सगळी रांग हलते. मोठ्या बाईंचा मेसेज येऊन पडलाय, नव्या गिऱ्हाइकासाठी ऑप्शन कधी पाठवतोस म्हणून. मी फोन उलटा ठेवला. ताई शेजारी बसली आहे. मघापासून तिने तीनदा पदराची तीच घडी घातली.

"होईल ना रे नीट?" तिने विचारलं.

तीन उत्तरं होती. अगदी ओळीने उभी होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मला भीती वाटतेय, ताई."

"मलाही," ती म्हणाली, आणि तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता. माझा त्याहून.